ताऱ्यांवरचे राज्य
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



गेल्या दिवाळीच्या सुटीत मी चार दिवस एकोणीस ग्रहांचा राजा होतो. घरात मात्र गॅसचा नंबर लावणे आणि गिरणीतून दळण आणणे ही दोन खाती नेहमीप्रमाणे माझ्याकडेच होती. एवढे मोठे साम्राज्य सांभाळणाऱ्या माणसाने पिठाचा डबा उचलायला उशीर केला, म्हणून सौभाग्यवतींची बोलणीही खाल्ली. हे राज्य मला कसे मिळाले, त्यात गोडी काय आणि उणे काय, हे आज आपल्याला सांगायचे आहे.

झाले असे, की नववीतला नातू सुटीसाठी पुण्याहून नाशिकला आला, तो लॅपटॉप घेऊनच. पहिल्या दिवशी फराळ झाला, गंगेवर एक चक्कर झाली आणि दुपारपासून स्वारी जी पडद्यासमोर बसली ती रात्री जेवायलाच उठली. मी हायस्कुलात तीस वर्षे इतिहास शिकवलेला माणूस. उपदेश करण्याची सवय सहजासहजी जात नाही. म्हटले, ''काय रे, दिवसभर गोळ्याच घालायच्या का?'' तो शांतपणे म्हणाला, ''आबा, यात गोळ्या कमी आणि हिशेबच जास्त आहे. तुम्ही एकदा बसून तर बघा.'' आणि मी बसलो.

संगणकावरच्या खेळांबद्दल आपण मोठी माणसे सरसकट बोलतो. पण त्यातही जाती आहेत. काही खेळ बोटांच्या चपळाईचे असतात. काही क्रिकेटसारखे, काही गाड्यांच्या शर्यतीचे. माझा नातू खेळत होता तो डावपेचांचा खेळ होता. या जातीच्या खेळांत तुम्ही एक शिपाई किंवा एक वैमानिक नसता, तुम्ही सगळे राज्यच असता. कुठे वसाहत करायची, खजिन्यातला पैसा शाळेवर घालायचा की सैन्यावर, शेजाऱ्याशी तह करायचा की लढाई, हे सारे तुम्ही ठरवायचे. आपल्याकडच्या बुद्धिबळात हत्ती-घोडे आयते पटावर मांडलेले असतात. इथे हत्ती पाळावा लागतो, त्याचा चारा पिकवावा लागतो आणि माहुताचा पगारही द्यावा लागतो.

अंतराळातल्या साम्राज्याचे खेळ तसे जुने आहेत. १९८३ साली ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या कंपनीने 'रीच फॉर द स्टार्स' नावाचा खेळ काढला. पुढे १९९१ साली सिड मायर यांचा 'सिव्हिलायझेशन' आला. तो पृथ्वीवरचाच, अश्मयुगापासून अवकाशयानापर्यंतचा. तीच कल्पना ताऱ्यांवर नेली १९९३ सालच्या 'मास्टर ऑफ ओरायन' या खेळाने. स्टीव्ह बार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो रचला. त्याची ओळख करून देताना अॅलन एमरिक या अमेरिकन लेखकाने या जातीच्या खेळांना एक नाव दिले, ते आजवर टिकले आहे. 'फोर एक्स', म्हणजे चार क्रियापदे. मी ती मराठीत अशी सांगेन : शोधा, पसरा, उपसा आणि संपवा. आधी नवे तारे शोधायचे, मग तिथे वस्ती पसरायची, तिथली संपत्ती उपसायची आणि शेवटी वाटेत येईल त्याला संपवायचे. इतिहासाच्या मास्तराला ही चार क्रियापदे ऐकून दचकायला झाले नाही. सोळाव्या शतकापासून युरोपातल्या गलबतांनी जगभर जे केले, त्याचा सारांश चार शब्दांत याहून नेमका करता येणार नाही.

नातवाकडे होता तो खेळ 'स्टेलारिस'. स्वीडनमधल्या स्टॉकहोम इथल्या पॅराडॉक्स या कंपनीने ९ मे २०१६ रोजी तो बाजारात आणला आणि तेव्हापासून त्यात सतत भर पडत आली आहे. डाव सुरू होतो तो इसवी सन २२०० च्या पहिल्या दिवशी. तुमच्याजवळ एकच ग्रह असतो, दोन-चार जहाजे आणि पुढे काळाकुट्ट पट. त्या पटावर दोनशेपासून हजारापर्यंत तारे असू शकतात, किती ते आरंभीच ठरवायचे. सोंगट्यांसारखे आळीपाळीने खेळायचे नसते. पंचांगासारखे दिवस आपोआप पुढे सरकत राहतात, आणि विचार करायला वेळ हवा तेव्हा घड्याळ थांबवता येते. हे थांबवणे माझ्यासारख्यांसाठी वरदान आहे. मी तर पहिल्या तासात वर्षभर चाललो आणि पन्नास वेळा थांबलो.

आता यात गोडी कसली? माझ्या मते गोडीच्या जागा तीन आहेत.

पहिली, कुतूहलाची. तुमचे शास्त्रज्ञांचे जहाज एखाद्या अनोळखी ताऱ्यापाशी जाते आणि तिथल्या ग्रहांची पाहणी करते. कुठे बर्फाचा गोळा, कुठे जळता ग्रह, तर कुठे काहीतरी विचित्र आढळते. मेलेल्या संस्कृतीचे अवशेष, कुणीतरी सोडून दिलेले जहाज, न उलगडणारा संदेश. जहाजावरच्या शास्त्रज्ञाने काही महिने अभ्यास केला की एक छोटीशी गोष्ट उलगडते. पांडवलेण्यांच्या पायऱ्या पहिल्यांदा चढताना मुलांच्या डोळ्यांत जे दिसते, ते मला नातवाच्या डोळ्यांत तेव्हा दिसले. माझ्याही डोळ्यांत ते असावे, कारण आमचा चहा दोनदा गार झाला.

दुसरी जागा आहे 'एवढे एक झाले की उठतो' या भावनेची. हिचे रहस्य मी नीट पाहिले, ते सांगतो. स्वयंपाकघरात चार शेगड्या पेटलेल्या असाव्यात. एकीवर भात, एकीवर आमटी, एकीवर दूध आणि एकीवर कढई. भात झाला म्हणून उठावे, तर दूध वर येऊ लागते. दूध उतरवावे, तर आमटीला फोडणी हवी असते. सगळे एकदम होतच नाही, त्यामुळे गृहिणीला ओट्यापासून हलता येत नाही. या खेळाची बांधणी अगदी अशीच आहे. एक शोध चार महिन्यांनी लागणार असतो, एक जहाज दोन महिन्यांनी बांधून होणार असते, एक वसाहत पुढच्या वर्षी उभी राहणार असते. एक पुरे होते तेव्हा दुसरे अर्धे असते. म्हणजे उठण्याची योग्य वेळ खेळ कधी येऊच देत नाही. मुलगा 'पाच मिनिटे' म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटत असते. हे कळल्यावर माझा निम्मा राग गेला.

तिसरी गोडी आपल्या मनासारखे राज्य रचण्याची. तुमची प्रजा शांतताप्रिय की लढवय्यी, राज्य लोकांचे की एकाच घराण्याचे, श्रद्धाळू की विज्ञाननिष्ठ, हे तुम्हीच निवडता, आणि त्या निवडीचे परिणाम पुढे भोगता. खजिन्यात ऊर्जा, खनिजे, धान्य, धातू अशी अनेक खाती. एकाची चणचण झाली की बाजारात दुसरे विकून ते घेता येते. पण एखादी वस्तू भरमसाट विकायला काढली की तिचा भाव पडतो. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर लावून उभ्या राहिलेल्या कांदा उत्पादकाला हे शिकायला संगणक लागत नाही. पण पुण्यातल्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या नववीतल्या मुलाला 'आवक वाढली, भाव पडला' ही बातमी त्या दिवशी पहिल्यांदा समजली, हे मी कबूल केले पाहिजे.

भूगोलही त्यात आहे. खेळ निघाला तेव्हा ताऱ्यांमधल्या प्रवासाच्या तीन तऱ्हा होत्या. २०१८ सालच्या मोठ्या बदलात त्या रद्द करून सर्वांसाठी ठरावीक वाटा तेवढ्या ठेवल्या. अनेक जुन्या खेळाडूंना हे रुचले नाही. विकत घेतलेल्या वस्तूचे नियम मागाहून बदलणे ही या धंद्यातली नवीच रीत आहे. पण त्या बदलाने एक गोष्ट झाली, नाक्यांना महत्त्व आले. आपण नाशिककरांना कसारा घाट ठाऊक आहे. घाट अडला की मुंबईची भाजी अडते. तसेच तिथे एखादा तारा घाटाच्या तोंडाशी असतो. तो हातात असेल तर मागचे दहा तारे निर्धास्त झोपतात. मी पहिले ठाणे असल्याच एका ताऱ्यावर उभारले, तेव्हा नातू म्हणाला, ''आबा, तुम्हाला न सांगताच जमतंय!'' गड-किल्ल्यांवर तीस वर्षे खडू झिजवल्याचे सार्थक झाले.

हे झाले कौतुक. आता दुसरी बाजू.

पहिला दोष या जातीच्या सगळ्याच खेळांचा आहे. पैशाकडे पैसा जातो. आरंभी तीन ग्रह जास्त मिळाले की त्यांच्या उत्पन्नातून आणखी सहा मिळतात. मध्यापर्यंत येईतो कोण जिंकणार हे दिसू लागते, पण डाव संपत नाही. बुद्धिबळात हरलेला मनुष्य राजा आडवा करून चहाला उठतो. इथे उरलेले डझनभर तास निकाल माहीत असलेल्या सामन्यासारखे काढावे लागतात. यावर उपाय म्हणून खेळाच्या उत्तरार्धात बाहेरून एखादे महासंकट येते, साऱ्या आकाशगंगेवर धाड घालते. उपाय बरा आहे, पण तो रोगावर नाही, कंटाळ्यावर आहे.

दुसरा दोष कारभाराचा. एक ग्रह सांभाळण्यात मौज आहे. एकोणीस ग्रह झाले की ती तालुका कचेरी होते. कुठे घरे कमी पडली, कुठे हाताला काम नाही, कुठे इमारत बांधायची राहिली. घंटा वाजत राहतात आणि आपण फायली निकालात काढल्यासारखे टिचक्या मारत बसतो. बरे, कारभारी नेमावेत म्हटले तर तेही सोपे नाही. २००३ साली 'मास्टर ऑफ ओरायन'चा तिसरा भाग आला. त्याच्या कर्त्यांनी नेमके हेच केले, ग्रहांचा कारभार आपोआप पाहणारे सुभेदार दिले. खेळाडूंची तक्रार अशी, की आम्हाला करायला काही उरलेच नाही, नुसते आकड्यांचे तक्ते पाहायचे! म्हणजे सगळे स्वतः केले तर कारकून, आणि दुसऱ्यावर सोपवले तर शोभेचा राजा. खरोखरच्या राज्यकर्त्यांपुढेही हाच पेच असतो, पण त्यांना त्याचा पगार मिळतो.

तिसरा दोष प्रतिस्पर्ध्याचा. समोरचा राजा संगणकच असतो. खेळ अवघड हवा असेल तर वरची पायरी निवडता येते. पण त्या पायरीवर संगणक अधिक हुशार होतो असे नव्हे, त्याला उत्पन्न अधिक मिळते. मास्तरांच्या भाषेत सांगायचे तर मुलाचा अभ्यास वाढवण्याऐवजी त्याला परस्पर वाढीव गुण द्यायचे. त्याच्याशी लढताना आपल्याला श्रीमंतीशी लढल्यासारखे वाटते, बुद्धीशी नाही.

चौथा दोष यंत्राचा. डाव लांबला की संगणक दमतो. पटावरची प्रजा वाढत जाते आणि प्रत्येकाचे काम, घर, समाधान यांचा हिशेब सतत मांडावा लागतो, म्हणून दिवस पुढे सरकेनासे होतात. कंपनीने यावर अनेकदा काम केले. २०२५ सालच्या मोठ्या बदलात तर प्रजेची मोजणी एकेकट्याने न करता गटागटाने करण्याची पद्धत आणली. पाचवा दोष खिशाचा. मूळ खेळ एका किमतीला आणि त्यानंतर पुरवण्यांवर पुरवण्या, प्रत्येकीला वेगळे पैसे. आईबापांनी हे आधीच विचारून घ्यावे. लग्नात मंडपाचा भाव ठरवताना खुर्च्या धरल्या आहेत का, हे विचारतो तसे.

पण मित्रहो, हे सारे दोष कारागिरीचे आहेत. कारागीर ते आज ना उद्या सुधारतील. मला जो खरा उणेपणा जाणवला तो वेगळाच, आणि तो मला दोन प्रसंगांनी दाखवला.

पहिला प्रसंग युद्धाचा. शेजाऱ्याचा एक छोटा ग्रह मला हवा होता. माझे आरमार मोठे, त्याचे लहान. पडद्यावर दोन्हीकडच्या बळाचे आकडे दिसत होते. आकडा मोठा असला की पुढे काय होणार हे बहुधा ठरलेलेच असते. वरून काही काळ मारा केला, सैन्य उतरवले आणि ग्रह माझा झाला. नातू खूश. मी त्याला विचारले, ''आपला रामशेज माहीत आहे का?''

आपल्या गावापासून पेठ रस्त्याने दहा-पंधरा किलोमीटरवर, आशेवाडीजवळ रामशेज उभा आहे. साल्हेर-मुल्हेरच्या तुलनेत तो अगदी बेताचा गड आहे. औरंगजेबाची फौज दख्खनेत उतरली आणि १६८२ साली शहाबुद्दीनखानाने या गडाला वेढा घातला. आकड्यांनी पाहिले तर हा काही दिवसांचा खेळ होता. सरदार बदलले, शहाबुद्दीनखान गेला, बहादुरखान आला, पण गड काही हाती येईना. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून मराठ्यांनी लाकडे पोखरून त्यांवर कातडे चढवून तोफा केल्या, ही हकीकत मोगलांकडच्याच खाफीखानाने लिहून ठेवली आहे. पाच वर्षांहून अधिक काळ हे चालले. शेवटी गड गेला तो किल्लेदार फितूर झाल्यामुळे, तोफांनी नाही.

आता मला सांगा, हे कोणत्या आकड्यात बसवायचे? कातड्याच्या तोफेचे बळ किती धरायचे? आणि ज्या आकड्याने तो गड पाच वर्षे राखला, त्याच गडावरचा एक माणूस एक दिवस फिरतो, त्याचा आकडा कोणता? मराठ्यांची गादी चालवायला मिळते असेही खेळ आहेत. २००९ साली आलेल्या 'एम्पायर : टोटल वॉर' या खेळात मराठे हा एक पक्ष आहे. ते पाहून आपल्याला बरे वाटते. पण गादी मिळाली तरी गडावरचा माणूस मिळत नाही. उंचावरून पाहणाऱ्याला नकाशा दिसतो. नकाशावर रामशेज हा एक ठिपका असतो, आणि ठिपका चिवट असू शकतो हे औरंगजेबालाही उशिरा कळले.

दुसरा प्रसंग माझ्या मनाला अधिक लागला. माझ्या एका ग्रहावर माणसे जास्त झाली होती आणि दुसऱ्या एका खाणींच्या ग्रहावर कामाला माणसे नव्हती. नातवाने युक्ती दाखवली. धोरणांच्या यादीत 'पुनर्वसन' असे एक कलम आहे. त्याला परवानगी दिली की एका ग्रहावरचा प्रजेचा गठ्ठा उचलून दुसऱ्या ग्रहावर ठेवता येतो. एक टिचकी आणि खजिन्यातून थोडा खर्च वजा. मी चार टिचक्या मारल्या. खाणींचे उत्पन्न वाढले. नातू म्हणाला, ''बेस्ट!'' मीही मान डोलावली.

रात्री अंथरुणावर पडलो आणि मला माझा मामा आठवला. आमचे आजोळ धरणाच्या पाण्यात गेले. कोणते धरण, कोणते गाव, हे सांगून आता उपयोग नाही. धरण हवेच होते. त्या पाण्यावर पुढे हजारो एकर भिजले आणि शहरांचे नळ वाहिले, हेही खरे. पण मामाने गाव सोडताना घराचा उंबरा उपटून बैलगाडीत घातला होता. नव्या जागी पत्र्याचे खोपट होते. त्याला दार होते, पण चौकट अशी नव्हतीच. तो उंबरा कित्येक वर्षे खोपटाच्या बाहेर, भिंतीला टेकून उभा होता. मामी रोज सकाळी त्यावर पाणी घाली आणि हळदकुंकू वाही. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळायला मामाचे अर्धे आयुष्य कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर गेले. पुढे महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. तो व्हावा म्हणून कितीतरी मामांनी मोर्चे काढले होते. त्या कायद्यातला शब्द आणि पडद्यावरचा शब्द एकच होता, आणि मी दुपारी त्यावर चार टिचक्या मारून मान डोलावली होती.

खेळावर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, तो अगदी आंधळा नाही. प्रजा नाराज झाली की तिथले स्थैर्य घसरते, उत्पन्न घटते, बंडही होते. राज्यातले पक्ष मागण्या करतात. कित्येक खऱ्या राज्यकर्त्यांपेक्षा ही जाणीव जास्तच म्हणायची. पण नाराजी तिथे येते ती टक्क्यांत. टक्केवारी चढली की उपाय झाला, असे आपल्याला वाटू लागते. भिंतीला टेकवलेला उंबरा कोणत्याच तक्त्यात येत नाही. आणि दोष एकट्या खेळाचाही नाही. नकाशासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला ही सवय लागते. पूर्वी ती दरबारात लागत असे, मग सचिवालयात लागू लागली, आता ती नववीतल्या मुलाला सुटीत लागू शकते, इतकाच फरक.

सकाळी मी नातवाला ही गोष्ट सांगितली. पणजोळाचा उंबरा त्याने कधी ऐकला नव्हता, कारण आम्ही कुणी सांगितलाच नव्हता. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ''आबा, त्या कलमाची परवानगी काढता येते. काढू या?'' आम्ही ती काढली. मग खाणींवर माणसे कशी न्यायची? त्याचाही मार्ग निघाला. तिथे आधी घरे बांधली, सोयी केल्या, कामे निर्माण केली. हळूहळू रिकाम्या हातांची माणसे आपणहून तिकडे जाऊ लागली. वेळ लागला. दरम्यान शेजारचा राजा आमच्या पुढे गेला, आरमारासाठी धातू कमी पडला आणि घाटाच्या तोंडाशी असलेले ते माझे लाडके ठाणे आम्ही गमावले. नातू हळहळला, पण कलम पुन्हा चालू करू या असे काही म्हणाला नाही. तो डाव आम्ही जिंकलो नाही आणि हरलोही नाही. सुटी संपली आणि तो पुण्याला गेला.

तेव्हा पालकांनी काय करावे? बंदी घालू नये, असे मी चार दिवसांच्या राज्यानुभवावरून सांगतो. बंदी घातलेला खेळ मित्राच्या घरी खेळला जातो, आणि तिथे आबा शेजारी नसतात. त्याऐवजी तीन गोष्टी करून पाहाव्यात. एक, पट लहान घ्यावा. हजार ताऱ्यांपेक्षा दोनशे ताऱ्यांत डाव आटोपशीर होतो आणि यंत्रही दमत नाही. दोन, उठण्याची वेळ घड्याळावर न ठरवता खेळातल्या वर्षावर ठरवावी. 'आठ वाजता बंद' यापेक्षा '२२२० साल उजाडले की जतन कर आणि जेवायला ये' हे मुलाला पटते, कारण दूध कोणत्या शेगडीवर आहे ते आपल्याला ठाऊक असल्याचे त्याला कळते. आणि तीन, आठवड्यातून एकदा शेजारी बसून त्याला विचारावे, ''तुझ्या राज्यात शेवटच्या ग्रहावरच्या माणसाचे कसे चालले आहे?'' बहुधा त्याला सांगता येणार नाही. मग त्याला आपल्या घरातल्या एखाद्या माणसाची गोष्ट सांगावी. प्रत्येक घरात असा एखादा उंबरा असतोच.

परवा पुण्याहून फोन आला होता. नातवाने नवा डाव मांडला आहे. राजधानीच्या ग्रहाला नाव द्यायचे असते, तर त्याने मला विचारले, ''आबा, पणजोळच्या गावाचे नाव काय होते हो?'' मी सांगितले. त्याने दोनदा विचारून अक्षरे नीट लिहून घेतली. ज्या गावाचे नाव आता नकाशावर नाही, ते निदान एका पोराच्या आकाशात लागले. मामा असता तर त्याने विचारले असते, तिथे पाणी वर तर येत नाही ना? 'नाही मामा', मी सांगितले असते, 'यंदा ते कलम बंद ठेवले आहे.'

नमस्कार.